० = ० आल्यानंतर काय करावे? अनंत उकली असलेली रेषीय समीकरणे ओळखण्याची आणि त्यांचे उत्तर लिहिण्याची रीत

समीकरण सोडवता सोडवता दोन्ही बाजूंची चले एकाएकी नाहीशी होतात आणि कागदावर ० = ० एवढेच उरते. अनेक विद्यार्थी या ओळीपाशी अडखळतात. कोणी आपलेच काहीतरी चुकले असे समजून सारे खोडतो आणि पहिल्यापासून आकडेमोड करतो, कोणी ‘उकल नाही’ असे लिहून मोकळा होतो, तर कोणी त्या शून्याकडे पाहून क्ष = ० असे उत्तर देतो. आधीची आकडेमोड बरोबर असेल, तर ० = ० ही ओळ चूक नसते. उरलेल्या माहितीत नवे काहीच नाही, असे समीकरणच त्या ओळीतून सांगत असते. मात्र त्यापुढे ‘अनंत उकली आहेत’ एवढे लिहून थांबणे मला अपुरे वाटते. अनंत उकली म्हणजे वाटेल ती उकल नव्हे. कोणत्या किमती चालतात आणि कोणत्या चालत नाहीत, हे नेमके लिहिल्यावरच उत्तर पूर्ण होते, आणि तसे कसे लिहावे हे पायरीपायरीने दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

लेखात चलांसाठी क्ष, य आणि झ ही अक्षरे घेतली आहेत. ज्याला आपण हवी ती किंमत देऊ शकतो त्या प्राचलासाठी ट किंवा स, आणि शोधायच्या स्थिरांकासाठी म हे अक्षर वापरले आहे.

एका चलातील समीकरण

सुरुवात सर्वांत सोप्या प्रकाराने करू. ३(क्ष + ४) − ५ = ३क्ष + ७ हे समीकरण घ्या. पहिली पायरी म्हणजे कंस सोडवणे. डावी बाजू ३क्ष + १२ − ५, म्हणजे ३क्ष + ७ होते. आता दोन्ही बाजू अक्षरशः एकच आहेत, त्यामुळे ३क्ष वजा केले की ७ = ७ उरते आणि ७ वजा केले की ० = ० उरते. क्ष ला कोणतीही किंमत दिली तरी हे विधान खरेच राहते. अशा समीकरणाला नित्य समानता म्हणतात, आणि इथे ‘क्ष ही कोणतीही वास्तव संख्या’ हे पूर्ण व योग्य उत्तर आहे.

आता उजव्या बाजूचा फक्त शेवटचा आकडा बदलून ३(क्ष + ४) − ५ = ३क्ष + ९ असे लिहिले, तर ७ = ९ उरते. हे कधीच खरे होऊ शकत नाही, म्हणून या समीकरणाला एकही उकल नाही. हे दोन प्रकार दिसायला इतके जवळचे आहेत की कंस सोडवताना झालेली बेरजेची एक चूकसुद्धा एका प्रकारातून थेट दुसऱ्या प्रकारात नेते. तिसरा गोंधळ ५क्ष = ० या समीकरणाचा. इथे शून्य दिसते, पण क्ष अजून शिल्लक आहे, त्यामुळे क्ष = ० ही एकमेव उकल मिळते.

एका चलातील कोणतेही रेषीय समीकरण शेवटी अ क्ष = ब या रूपात येते. अ शून्य नसेल तर एकच उकल असते. अ शून्य आणि ब शून्य नसेल तर उकल नसते, आणि दोन्ही शून्य असतील तर उकली अनंत असतात. पुढे चलांची आणि समीकरणांची संख्या वाढली तरी हा निवाडा शेवटी याच तीन शक्यतांवर येऊन ठरतो.

दोन चले आणि एकच समीकरण

२क्ष + ३य = १२ या समीकरणात अज्ञात राशी दोन आहेत आणि अट एकच. क्ष = ० घेतल्यास य = ४ मिळते, क्ष = ३ घेतल्यास य = २, क्ष = ६ घेतल्यास य = ० आणि क्ष = −३ घेतल्यास य = ६. क्ष = १ घेतले तरी काही अडत नाही, य = १०/३ येते. म्हणजे क्ष ची निवड आपली, पण एकदा ती केली की य ठरून जातो. (१, १) ही जोडी डाव्या बाजूत घातल्यास ५ येतात, १२ येत नाहीत, म्हणून ती उकल नाही. प्रतलावरील बहुतांश बिंदू या समीकरणाच्या उकली नाहीतच. जे आहेत ते सगळे एका सरळ रेषेवर आहेत, आणि त्या रेषेवरचे बिंदू अनंत आहेत.

हे उत्तर लिहिण्यासाठी एका चलाला प्राचल मानावे. क्ष = ट मानल्यास य = (१२ − २ट)/३, आणि सामान्य उकल (ट, (१२ − २ट)/३) अशी होते, जिथे ट ही कोणतीही वास्तव संख्या आहे. छेद नको असेल तर एक ज्ञात बिंदू आणि एक पाऊल घेऊन लिहिता येते. (०, ४) पासून निघून क्ष ३ ने वाढवला, तर २क्ष मध्ये ६ ची भर पडते. ती भरून काढण्यासाठी य २ ने कमी करावा लागतो. म्हणून क्ष = ३स, य = ४ − २स हीसुद्धा तीच सामान्य उकल आहे. आपल्या वहीतील उत्तर आणि पुस्तकामागचे उत्तर अशा वेगळ्या रूपांत दिसले की लगेच आपले उत्तर चुकीचे ठरवू नये. ट च्या जागी ३स घालून पाहावे, दोन्ही एकच निघतात.

येथे थोडे थांबून एका अटीकडे लक्ष द्यायला हवे. उकली अनंत आहेत की नाहीत, हे केवळ समीकरणावर नव्हे, तर कोणत्या संख्या चालतील यावरही अवलंबून असते. याच समीकरणात क्ष आणि य पूर्णांक हवेत अशी अट घातली, तर स ही पूर्णांक संख्या घेऊन अजूनही अनंत उकली मिळतात. दोन्ही किमती ऋण नसाव्यात अशी आणखी अट घातली, तर मात्र (०, ४), (३, २) आणि (६, ०) या तीनच उकली उरतात. उलट ६क्ष + ९य = २० या समीकरणाला वास्तव संख्यांत अनंत उकली असल्या तरी पूर्णांकांत एकही नाही, कारण क्ष आणि य पूर्णांक असतील तर डावी बाजू नेहमी ३ च्या पटीत येते आणि २० ही संख्या ३ च्या पटीत नाही. अशा पूर्णांक उकली शोधण्याची पद्धत आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दिली. पुढे ती कुट्टक या नावाने प्रसिद्ध झाली. कुटून कुटून बारीक करावे तसे मोठे सहगुणक भागाकाराने लहान लहान करत नेणे हे तिचे मर्म आहे. शाब्दिक उदाहरणात वस्तूंची किंवा माणसांची संख्या विचारलेली असेल, तर ‘अनंत उकली’ लिहिण्यापूर्वी या अटीचा विचार अवश्य करावा.

दोन चलांतील दोन समीकरणे

आता पुढील जोडी पाहू.

४क्ष − ६य = १०
६क्ष − ९य = १५

पहिल्यांदा दोन्ही समीकरणे एकाच मांडणीत आहेत याची खात्री करावी: चले त्याच क्रमाने डावीकडे आणि स्थिर पद उजवीकडे. अनेक चुकांचे मूळ या पायरीत असते. एका समीकरणात १० उजवीकडे आणि दुसऱ्यात १५ डावीकडे −१५ म्हणून बसलेला असेल, तर चिन्हाची गफलत होऊन संपाती, म्हणजे एकमेकींवर तंतोतंत बसणाऱ्या, रेषा समांतर वाटू लागतात.

दुसरी पायरी सामाईक विभाजक काढण्याची. पहिले समीकरण २ ने आणि दुसरे ३ ने भागले, तर दोन्ही ठिकाणी २क्ष − ३य = ५ हेच समीकरण मिळते. म्हणजे समीकरणे दोन दिसत असली तरी माहिती एकच आहे. हे डोळ्यांना दिसले नाही तरी बिघडत नाही, कारण लोप पद्धतीने ते आपोआप उघड होते. पहिल्या समीकरणाला ३ ने आणि दुसऱ्याला २ ने गुणले की दोन्ही समीकरणे १२क्ष − १८य = ३० होतात आणि वजाबाकी ० = ० येते.

तिसरी पायरी, जी बहुधा वगळली जाते, ती म्हणजे उरलेल्या एका समीकरणातून सामान्य उकल लिहिणे. य = ट मानल्यास क्ष = (५ + ३ट)/२. चौथी पायरी ताळा पाहण्याची, आणि तो ट ची किंमत न घालता पाहावा, म्हणजे एकाच वेळी सर्व उकलींचा ताळा होतो. पहिल्या समीकरणात ४ × (५ + ३ट)/२ − ६ट = १० + ६ट − ६ट = १०, आणि दुसऱ्यात ६ × (५ + ३ट)/२ − ९ट = १५ + ९ट − ९ट = १५. दोन्ही ठिकाणी ट नाहीसा झाला आणि उजवी बाजू मिळाली, म्हणून उकल बरोबर आहे. ताळ्याच्या शेवटी ट उरला, तर सामान्य उकल लिहिताना नक्की चूक झालेली असते.

पाठ्यपुस्तकांत हीच कसोटी गुणोत्तरांच्या भाषेत येते. अ क्ष + ब य = क आणि त क्ष + थ य = द या समीकरणांत अ/त = ब/थ = क/द असेल तर रेषा संपाती असतात आणि उकली अनंत असतात. पहिली दोन गुणोत्तरे समान आणि तिसरे वेगळे असेल तर रेषा समांतर असतात आणि उकल नसते. पहिली दोनच वेगळी असतील तर रेषा एका बिंदूत छेदतात. कसोटी उपयोगी आहे, पण सहगुणकांत शून्य आले की ती अडचणीत आणते. २क्ष + ३य = ० आणि ४क्ष + ६य = ० या जोडीत तिसरे गुणोत्तर ०/० होते, ज्याला अर्थच नाही. म्हणून मला ‘गुणोत्तर’ म्हणण्यापेक्षा ‘पट’ म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. एका समीकरणातील तिन्ही संख्यांना एकाच शून्येतर संख्येने गुणून दुसरे समीकरण मिळते का, एवढेच पाहावे. येथे २ ने गुणले की २, ३ आणि ० यांचे ४, ६ आणि ० होतात, म्हणून उकली अनंत आहेत.

गॅब्रिएल क्रेमर या स्विस गणितज्ञाने १७५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निश्चयकांच्या (दोन चलांत, तिरक्या गुणाकारांच्या वजाबाकीच्या) पद्धतीने हीच जोडी सोडवू गेल्यास मुख्य निश्चयक ४ × (−९) − (−६) × ६ = ० येतो. क्ष चा निश्चयक १० × (−९) − (−६) × १५ = ० आणि य चा निश्चयक ४ × १५ − १० × ६ = ० येतो. येथे क्ष = ०/० लिहून त्याची किंमत ० किंवा १ ठरवू नये. मुख्य निश्चयक शून्य आला की ही पद्धत तिथेच संपते आणि लोप पद्धतीकडे वळावे लागते.

‘म ची अशी किंमत काढा, की उकली अनंत असतील’

परीक्षांमध्ये या प्रकारचा प्रश्न वारंवार येतो आणि त्यात एक ठरावीक सापळा असतो. पुढील समीकरणे घ्या.

म क्ष + २य = म + १
८क्ष + म य = १०

सहगुणक एकमेकांच्या पटीत हवेत, म्हणून म/८ = २/म, म्हणजेच म² = १६, आणि म = ४ किंवा म = −४. घाईत दोन्ही किमती उत्तर म्हणून लिहिल्या जातात. पण अजून स्थिर पदांची अट तपासलेली नाही. म = ४ असताना समीकरणे ४क्ष + २य = ५ आणि ८क्ष + ४य = १० अशी होतात. दुसरे पहिल्याच्या बरोबर दुप्पट आहे, म्हणून उकली अनंत आहेत. म = −४ असताना पहिले समीकरण −४क्ष + २य = −३ होते, आणि दुसरे ८क्ष − ४य = १० हे −२ ने भागल्यावर −४क्ष + २य = −५ होते. एकच राशी −३ ही आणि −५ ही असू शकत नाही, म्हणून येथे एकही उकल नाही. उत्तर फक्त म = ४. मिळालेली प्रत्येक किंमत मूळ समीकरणांत घालून दोन्ही समीकरणे प्रत्यक्ष लिहून पाहण्याची सवय ठेवली, तर हा सापळा टळतो. शिवाय म ने भागताना म = ० ही शक्यता मनात वेगळी तपासावी. येथे म = ० घेतल्यास २य = १ आणि ८क्ष = १० मिळून एकच उकल येते, म्हणून ती किंमत चालत नाही.

तीन चले: जिथे डोळे फसतात

दोन समीकरणांत एक दुसऱ्याची पट आहे का, हे बघून कळते. तीन समीकरणांत ही सोय राहत नाही, आणि खरा अभ्यास इथेच सुरू होतो.

क्ष + य + झ = ६
२क्ष − य + झ = ३
क्ष + ४य + २झ = १५

यांपैकी कोणतेही समीकरण दुसऱ्या कोणत्याही एकाची पट नाही. तीन अज्ञात राशी, तीन वेगळी समीकरणे, म्हणजे एकच उकल असणार, असे कोणालाही वाटेल. आता क्ष चा लोप करू. दुसऱ्या समीकरणातून पहिल्याची दुप्पट वजा केल्यास −३य − झ = −९ मिळते. तिसऱ्यातून पहिले वजा केल्यास ३य + झ = ९ मिळते. या दोहोंची बेरीज ० = ०. तिसरे समीकरण म्हणजे पहिल्याची तिप्पट वजा दुसरे, हे आता लक्षात येते: ३ − २ = १, ३ + १ = ४, ३ − १ = २ आणि १८ − ३ = १५. तिसऱ्या ओळीत असलेली सगळी माहिती पहिल्या दोन ओळींत आधीच होती, फक्त ती मिसळून मांडली होती.

उरलेल्या दोन समीकरणांतून शेवटून वर जात उकल लिहावी. य = ट मानल्यास झ = ९ − ३ट. पहिल्या समीकरणातून क्ष = ६ − ट − (९ − ३ट) = −३ + २ट. सामान्य उकल (−३ + २ट, ट, ९ − ३ट). तिसऱ्या समीकरणाचा ताळा पाहा: −३ + २ट + ४ट + १८ − ६ट = १५. ट = २ घेतल्यास (१, २, ३) ही नेटकी उकल मिळते, ट = ० घेतल्यास (−३, ०, ९). भूमितीच्या दृष्टीने ही तीन प्रतले एकाच रेषेतून जातात, उघड्या पुस्तकाची तीन पाने एकाच कण्याला शिवलेली असावीत तशी. तिसऱ्या समीकरणात १५ ऐवजी १६ लिहिले असते, तर बेरीज ० = १ आली असती आणि उकलच उरली नसती.

मुक्त चले, म्हणजे प्राचल मानायची चले, किती घ्यायची, हा प्रश्न इथे येतो. लोप पूर्ण झाल्यावर ० = ० झालेल्या ओळी सोडून जितकी समीकरणे उरतील, तितकी संख्या चलांच्या संख्येतून वजा करावी. वरील उदाहरणात ३ − २ = १, म्हणून एक प्राचल. तिन्ही समीकरणे एकाच प्रतलाची असती, तर एकच समीकरण उरून दोन प्राचले लागली असती. ही वजाबाकी करण्यापूर्वी ० = १ सारखी विसंगत ओळ आलेली नाही ना, एवढे पाहावे. चले समीकरणांपेक्षा जास्त असली की उकली अनंतच असतात, असेही समजू नये. क्ष + य + झ = १ आणि २क्ष + २य + २झ = ५ या जोडीत चले जास्त आहेत, तरी एकही उकल नाही.

निश्चयकांच्या बाबतीतही इथे सावध राहावे लागते. क्ष + य + झ ही बेरीज अनुक्रमे १, २ आणि ३ आहे असे सांगणारी तीन समीकरणे घेतली, तर मुख्य आणि तिन्ही चलांचे असे चारही निश्चयक शून्य येतात, पण उकल एकही नसते. ‘सर्व निश्चयक शून्य, म्हणून अनंत उकली’ हे विधान तीन चलांत खरे नाही.

नेमक्या दोन उकली का असू शकत नाहीत?

क्ष² = ४ या समीकरणाला २ आणि −२ अशा दोनच उकली आहेत. मग रेषीय समीकरणांना शून्य, एक किंवा अनंत याखेरीज चौथी शक्यता का नाही? कारण साधे आहे, आणि मला ते या विषयातील सर्वांत सुंदर कारण वाटते. वरच्या उदाहरणातील (१, २, ३) आणि (−३, ०, ९) या उकलींची सरासरी काढा: (−१, १, ६). पहिल्या समीकरणात −१ + १ + ६ = ६, दुसऱ्यात −२ − १ + ६ = ३, तिसऱ्यात −१ + ४ + १२ = १५. सरासरीसुद्धा उकल निघाली. हा योगायोग नाही. रेषीय समीकरणात चलांना फक्त संख्यांनी गुणलेले असते आणि त्यांची बेरीज केलेली असते, म्हणून दोन उकलींची सरासरी घातली की डाव्या बाजूचीही सरासरीच मिळते, आणि दोन्ही वेळा उजवी बाजू तीच असल्याने तिची सरासरीही तीच राहते. आता ही नवी उकल आणि जुनी उकल यांची पुन्हा सरासरी घ्या, मग पुन्हा घ्या. प्रत्येक वेळी नवी उकल मिळत जाते. म्हणून वास्तव संख्यांत दोन वेगळ्या उकली सापडल्या, की त्यांच्यामधील संपूर्ण रेषा उकलींनी भरलेली असते.

याचा व्यवहारात उपयोग असा, की एखाद्या रेषीय समीकरणसंचाच्या दोन वेगळ्या उकली तुमच्या हाती लागल्या, तर लोप न करताही उकली अनंत आहेत हे ठामपणे सांगता येते. उकल एका रेषेएवढी आहे की त्याहून मोठी, हे मात्र लोप केल्याशिवाय कळत नाही.

दशांश अपूर्णांकांचा धोका

शेवटी आकडेमोडीविषयी. क्ष/३ + य = १ आणि क्ष + ३य = ३ ही समीकरणे एकाच रेषेची आहेत. पहिल्याला ३ ने गुणले की दुसरे मिळते. पण कॅल्क्युलेटर हाताशी असल्यामुळे १/३ च्या जागी ०.३३ लिहिले, तर पहिले समीकरण ०.३३क्ष + य = १ होते, ३ ने गुणल्यावर ०.९९क्ष + ३य = ३ होते, आणि दुसऱ्यातून ते वजा केल्यास ०.०१क्ष = ० उरते. त्यातून क्ष = ०, य = १ अशी एकच उकल ‘सिद्ध’ होते. ताळा पाहिला तरी तो बरोबर येतो, कारण (०, १) ही खरोखरच एक उकल आहे, आणि त्यामुळे चूक लपून राहते. (३, ०), (६, −१) आणि (−३, २) या तितक्याच खऱ्या उकली मात्र कागदावरून पुसल्या गेलेल्या असतात. लोप पूर्ण होईपर्यंत अपूर्णांक अपूर्णांकाच्याच रूपात ठेवावेत, आणि संगणकाने वजाबाकीनंतर ०.०१ सारखा अगदी लहान सहगुणक दाखवला, तर त्याने भागण्यापूर्वी तो खरा आहे की पूर्णांकीकरणातून आलेला आहे, हे मूळ समीकरणांकडे परत जाऊन तपासावे.